गट नंबर आणि साखळी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, १९९९च्या ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी, सरांनी फळ्यावर एक मेट्रिक लिहिले आणि सांगितले, "याची वक्रता काढून आणा. सोमवारी बघू." मेट्रिक दिसायला साधे होते. काळाचे पद एक्सच्या वर्गाने गुणलेले, त्यापुढे उणे चिन्ह. उरलेली तीन पदे शाळेतल्या पायथागोरसच्या प्रमेयासारखी सरळ. मी ते वहीत उतरवून घेतले आणि वसतिगृहावर येऊन लगेच बसले.

व्यापक सापेक्षता सिद्धांतात वक्रता काढायची तर आधी क्रिस्टोफेल चिन्हे काढावी लागतात. चार मितींत ती चाळीस असतात. या मेट्रिकसाठी त्यांतली दोनच शून्याहून वेगळी निघाली: एक 'एक छेद एक्स', दुसरे नुसते 'एक्स'. एवढे रात्रीच्या जेवणाआधी झाले. मग रीमान टेन्सर. त्याचे घटक लिहायचे तर २५६. सममिती लक्षात घेतल्या की स्वतंत्र असे २० उरतात. पहिलाच महत्त्वाचा घटक काढला. विकलनातून 'एक छेद एक्स वर्ग' आले, गुणाकारातून तेच उणे चिन्हासकट आले, आणि बेरीज शून्य. वाटले, कुठेतरी चिन्ह चुकले. पुन्हा काढले, पुन्हा शून्य. शनिवारी उरलेले घटक एकेक करून तपासले. रविवारी नवी वही घेऊन पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. सगळीकडे शून्य.

सोमवारी सरांच्या खोलीत उभी राहून मी म्हणाले, "सर, माझं काहीतरी चुकतंय. सगळं शून्य येतंय."

"चुकलेलं नाही. शून्यच आहे," सर म्हणाले. "हा मिन्कोव्स्कीचाच सपाट अवकाशकाळ आहे. एकसारख्या त्वरणानं जाणाऱ्या यानात बसून त्याला वेगळी नावं दिलीत, की तो असा दिसतो. नाव बदललं म्हणून जमीन वाकत नाही."

जमीन हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल. मला मात्र तिथेच अण्णा आठवले.

माझे वडील भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. गावोगावचे लोक त्यांना 'मोजणीवाले' म्हणत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायची आणि साखळीचे एक टोक धरायची. तेहतीस फुटांची साखळी. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. बांधाचे भांडण असले की दोन्हीकडची माणसे हातात सातबारा घेऊन उभी असत. एकदा एक शेतकरी हट्टाला पेटला होता. गट नंबर एकशे बारा आणि एकशे तेरा शेजारी आहेत, भावाभावांचे आहेत, मग दोन्ही सारखेच भरले पाहिजेत, असे त्याचे म्हणणे. अण्णा शांतपणे म्हणाले, "नंबरावर जाऊ नका, पाटील. साखळी धरा."

व्यापक सापेक्षतेत निर्देशक म्हणजे गट नंबर आणि मेट्रिक म्हणजे साखळी. मला हे कळायला तीन दिवस आणि दीड वही लागली. एक्स, टी, आर, थीटा ही घटनांना दिलेली नावे आहेत. दोन घटनांमधले अंतर किती, घड्याळात किती काळ गेला, हे त्या नावांवरून कळत नाही. ते मेट्रिक सांगते. आणि जमीन खरोखर वाकलेली आहे की आपण तिच्यावर वाकड्या रेघा मारल्या आहेत, हे रीमान टेन्सर सांगतो. माझ्या त्या तीन दिवसांच्या गणितात रीमान टेन्सर सांगत होता की सगळी वक्रता माझ्या रेघांची आहे. त्याच वर्षी महाराष्ट्र दिनी आमचा भाग परभणी जिल्ह्यातून निघून नव्या हिंगोली जिल्ह्यात गेला होता. पत्ता बदलला, पाटी बदलली, औंढ्याचे देऊळ आणि आमची विहीर जागच्या जागी राहिली. निर्देशकांचे रूपांतर शिकवताना हे उदाहरण मी आजही देते.

या विषयाकडे मी आले ती गोष्टीतून. कृष्णविवर हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो जयंत नारळीकरांमुळे. 'कृष्णविवर' हीच त्यांची पहिली विज्ञानकथा. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ती नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, हे मला पुढे कळले. शाळेच्या वाचनालयात 'यक्षांची देणगी' होते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला त्या पुस्तकामुळे निदान एवढा विश्वास होता की या गोष्टींचा विचार आपल्या भाषेत करता येतो. पुण्यात एम.एस्सी.ला आल्यावर हा विश्वास बराच काळ एकटाच सोबतीला होता, कारण गणिताची तयारी नव्हती.

याबद्दल थोडे स्पष्टच लिहिते. मी जिथे शिकले तिथे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना डिफरन्शियल जॉमेट्री कोणी शिकवत नव्हते. गणित विभागात तो विषय होता, पण त्याची वेळ आमच्या प्रयोगशाळेच्या वेळेवर यायची आणि ती बदलावी असे कोणाला वाटले नाही. आमच्याकडे टेन्सर आले ते इंडेक्स वरखाली करायचे नियम म्हणून. टेन्सर म्हणजे अमुक प्रकारे बदलणाऱ्या संख्यांचा संच, ही व्याख्या पाठ करून आम्ही परीक्षा दिल्या. ती व्याख्या खोटी नाही. पण ती गट नंबरांची यादी आहे. तिच्यातून जमीन दिसत नाही. पंचवीस वर्षे शिकवल्यावर मला वाटते, भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला सापेक्षतेच्या पहिल्या तासाआधी निदान सहा आठवडे नुसती भूमिती मिळायला हवी. ती न मिळाल्याने हुशार मुले विषय सोडताना मी पाहिली आहेत, आणि सोडताना त्यांना वाटत असते की दोष आपल्या बुद्धीचा आहे.

ती भूमिती मी सायकलने जाऊन शिकले. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या ग्रंथालयात बसायची परवानगी मिळाली होती. १९८८ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेच्या आवारात मधोमध एक कुंड आहे, पायऱ्यापायऱ्यांचे, आपल्याकडे देवळापुढे असते तसे. त्याच्या चार बाजूंना आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. ग्रंथालयात डोळे थकले की मी त्या पायऱ्यांवर येऊन बसायची. आत टेबलावर तीन पुस्तके असत. शुट्झचे, सुरुवातीला हात धरणारे. मिझनर, थॉर्न आणि व्हीलर यांचे 'ग्रॅव्हिटेशन', बाराशेहून अधिक पानांचे. त्याच्यात चित्रे भरपूर, पण वाट चुकायची सोयही भरपूर. आणि वॉल्डचे १९८४चे पुस्तक, ज्याचे दुसरे प्रकरण मी सात वेळा वाचले. त्यात मॅनिफोल्ड येते, म्हणजे असा अवकाश की ज्याच्या लहान तुकड्याचा नकाशा सपाट कागदावर काढता येतो, पण सगळ्याचा एकाच कागदावर येईलच असे नाही. भूकरमापकाच्या मुलीला ही कल्पना परकी नव्हती. गावाचा नकाशा, शेजारच्या गावाचा नकाशा, आणि शिवेवर दोन्हींची जुळणी: मॅनिफोल्डच्या व्याख्येत याहून फार वेगळे काही नाही. जुळणी नीट झाली पाहिजे, एवढीच अट.

समांतर वहन कळले ते मोसंबीमुळे. गावाहून आलेल्या मोसंबीवर उदबत्तीची काडी धरली. देठापाशी काडीचे टोक खाली, म्हणजे 'दक्षिणेकडे'. तशीच न वळवता काडी मधल्या फुगीर रेषेपर्यंत नेली. टोक अजून दक्षिणेकडे. मग त्या रेषेवरून पाव फेरी, टोक दक्षिणेकडेच. मग सरळ वर देठाकडे. देठापाशी पोहोचले तेव्हा काडी आधीच्या जागेपासून काटकोनात वळलेली होती, आणि मी तिला कुठेही वळवले नव्हते. ती वळली ती मोसंबीच्या गोलाईने. वाटेत तयार झालेल्या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन; बेरीज २७० अंश. सपाट कागदाच्या १८० अंशांहून जास्तीचे ९० अंश, आणि काडी वळली तेही ९० अंश. रीमान टेन्सर हेच मोजतो: एखाद्या चिमुकल्या चौकटीभोवती दिशा फिरवून आणली तर ती किती वळून परत येते. सरांच्या मेट्रिकमध्ये ती अजिबात वळत नव्हती.

ही गोलाई मोजण्याचे काम आपल्या मातीवरही झालेले आहे. विल्यम लॅम्टनने १८०२ साली मद्रासपासून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. मोठ्या त्रिकोणांत कोनांची बेरीज १८० अंशांहून किंचित जास्त भरते. दर सुमारे २०० चौरस किलोमीटरना एक विकला. मोजणीत ती वजा करावीच लागते. ही मोजणी उत्तरेकडे नेताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्टन वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच दशकात जर्मनीत कार्ल फ्रीडरिश गाउस हॅनोव्हरच्या राज्याची मोजणी करत होता, आणि १८२७ साली त्याने सिद्ध केले की पृष्ठभागाची वक्रता त्या पृष्ठभागावरच राहून, नुसती अंतरे मोजून काढता येते. त्यासाठी बाहेर जाऊन बघावे लागत नाही. गाउसचा शिष्य रीमान याने १० जून १८५४ रोजी गटिंगेनला दिलेल्या व्याख्यानात हीच कल्पना कितीही मितींना लागू केली. म्हणजे ज्या भूमितीवर व्यापक सापेक्षता उभी आहे, तिच्या मुळाशी मोजणीचे काम आहे. हे मी सुट्टीत घरी सांगितले तेव्हा अण्णांनी गाउसबद्दल एकच प्रश्न विचारला: "साखळी त्याची स्वतःची होती, का सरकारी?"

पुस्तके हे सगळे क्रमाने मांडतात: मॅनिफोल्ड, टेन्सर, समांतर वहन, वक्रता, मग आइन्स्टाइनचे समीकरण. इतिहास मात्र असा घडलेला नाही, आणि विद्यार्थ्याला ते माहीत असले तर त्याचा धीर टिकतो. आइन्स्टाइन १९१२ साली झुरिकला परतला तेव्हा त्याला ही भूमिती येत नव्हती. कॉलेजातला त्याचा जुना मित्र, गणिताचा प्राध्यापक मार्सेल ग्रोसमान, याने त्याला रीमान, क्रिस्टोफेल, रिची आणि लेव्ही-चिव्हिता यांची वाट दाखवली. समांतर वहन, जे आम्ही वक्रतेच्याही आधी शिकवतो, लेव्ही-चिव्हिताने मांडले ते १९१७ साली. सिद्धांत पूर्ण झाल्यावर!

मला सर्वात जवळचा वाटतो तो १९१३ ते १९१५ मधला आइन्स्टाइन. योग्य समीकरणाच्या अगदी जवळ जाऊन त्याने ते सोडून दिले होते. कारण त्याने स्वतःच रचलेला एक युक्तिवाद. समीकरणे कोणत्याही निर्देशकांत चालणारी असतील, तर रिकाम्या जागेत एकाच द्रव्यापासून दोन वेगवेगळी उत्तरे निघतात, तेव्हा अशी समीकरणे चालणार नाहीत, असे त्याला वाटले. ती दोन उत्तरे म्हणजे एकाच अवकाशकाळाची दोन नावे आहेत, हे त्याला उमगायला दोन वर्षांहून अधिक काळ गेला. नंबराला त्याने जमीन समजले होते. नोव्हेंबर १९१५मध्ये, ४, ११, १८ आणि २५ तारखेला, त्याने बर्लिनच्या अकादमीपुढे चार निबंध सादर केले. १८ तारखेच्या निबंधात बुधाच्या कक्षेचे शतकाला ४३ विकलांचे कोडे सुटले आणि २५ तारखेला अंतिम समीकरण आले. ऑगस्टमधल्या त्या तीन दिवसांत मी ज्याच्याशी झगडले, त्याच्याशी तो दोन वर्षे झगडला होता. हे कळल्यावर मला विषय सोडावासा कधीच वाटला नाही.

दुसऱ्या सत्रात माझा प्रकल्प श्वार्झशिल्डच्या उत्तरावर होता. कार्ल श्वार्झशिल्ड पहिल्या महायुद्धात रशियन आघाडीवर होता. तिथेच त्याने आइन्स्टाइनचा निबंध वाचला आणि डिसेंबर १९१५मध्ये पत्राने समीकरणाचे पहिले नेमके उत्तर कळवले. पुढच्या मे महिन्यात तो आजाराने गेला. त्याच्या उत्तरात आर ही त्रिज्या आणि एम हे लांबीच्या एककात लिहिलेले वस्तुमान; आर बरोबर दोन एम झाले की एक पद शून्य होते आणि दुसरे अनंत. सूर्याएवढ्या वस्तुमानाला हे सुमारे तीन किलोमीटरवर घडते. बी.एस्सी.च्या पुस्तकात मी वाचले होते की तिथे काळ थांबतो. जणू तिथे भिंत आहे.

सरांनी काम दिले ते असे: दुरून सरळ पडत येणाऱ्या माणसाच्या हातातल्या घड्याळात, दोन एमपासून केंद्रापर्यंत किती वेळ जातो? मी समीकरण मांडले, संकलन केले. उत्तर आले चार तृतीयांश एम. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवरासाठी हे सेकंदात बदलले तर साडेसहा मायक्रोसेकंदांच्या आसपास. भिंत कुठेच लागली नाही. मग दोन एमवर वक्रता किती ते काढले. निर्देशक कोणतेही घेतले तरी जी बदलत नाही, अशी एक राशी काढली. ती तिथे अनंत नव्हती, एक साधी, मोजता येणारी संख्या होती. आर शून्य झाला तिथे मात्र ती खरोखर अनंताकडे गेली. आणि दोन एमच्या अगदी जवळचे मेट्रिक सोपे करत गेले, तर काळ आणि त्रिज्या या दोन पदांत समोर उभे राहिले ते ऑगस्टमधलेच रूप. तेच ते, एक्सच्या वर्गाचे! मी बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. वर्षाच्या सुरुवातीला सरांनी ते गणित का दिले होते, ते त्या संध्याकाळी कळले.

या एका जागेने मोठमोठ्यांना चकवले आहे. एडिंग्टनने १९२४ साली असे निर्देशक लिहिले होते की ज्यांत ही भिंत नाहीशी होते, पण त्याने त्याचा तो अर्थ सांगितला नाही. लमेत्रने १९३३ साली स्पष्ट सांगितले, फार कोणी ऐकले नाही. १९३९ साली खुद्द आइन्स्टाइनने निबंध लिहून मांडले की निसर्गात अशी वस्तू असू शकत नाही. फिंकेलस्टाइन १९५८ साली आणि क्रुस्कल व सेकेरेश १९६० साली आल्यावर हा गोंधळ मिटला. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे.

या काळात आपल्याकडे काय चालले होते, हे मला कोणत्याही अभ्यासक्रमात मिळाले नाही. मी ते ग्रंथालयात शोधून काढले. मूळचे कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर, जयंतरावांचे वडील, बनारस हिंदू विद्यापीठात सापेक्षता शिकवत आणि तिच्यावर संशोधन करत होते. त्यांच्याकडे शिकायला गेलेल्या प्र. चु. वैद्य यांनी १९४३ साली प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीचे मेट्रिक काढले. ते आज जगभर वैद्य मेट्रिक म्हणून शिकवले जाते. कोलकात्यात अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेले समीकरण सांगते की शेजारून निघालेल्या मुक्त पतनाच्या वाटा गुरुत्वामुळे एकमेकींकडे कशा ओढल्या जातात. पेनरोज आणि हॉकिंग यांची प्रमेये याच समीकरणावर उभी आहेत, आणि पेनरोजना २०२०चे नोबेल मिळाले ते त्याच धाग्यावरच्या कामाला. रायचौधुरींचे समीकरण मी विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेत नाही, फळ्यावर पूर्ण सोडवून घेते. दोन तास लागतात. ते दोन तास मी कोणालाही माफ करत नाही.

एकमेकींकडे ओढल्या जाणाऱ्या वाटा. गुरुत्वाकर्षण म्हणजे नेमके काय, याचे माझ्यापाशी असलेले उत्तर एवढेच आहे. आमच्या विहिरीच्या काठावरून दोन खडे एकाच वेळी सोडले, एकमेकांपासून एक मीटरवर, आणि वारा नाही असे धरले, तर दोघेही पृथ्वीच्या केंद्राकडे निघतात, म्हणजे किंचित एकमेकांकडे. वीस मीटर खोल जाईपर्यंत त्यांच्यातले अंतर मिलिमीटरच्या सुमारे तीन हजारांश भागाने कमी होते. खड्याबरोबर पडणाऱ्या मुंगीला वजन जाणवणार नाही. तिच्यापुरते गुरुत्वाकर्षण नाहीसे झाले. पण दुसरा खडा जवळ येतो आहे, हे ती कोणतेही नाव बदलून नाहीसे करू शकत नाही. त्वरणाने जाणाऱ्या यानात असे दोन खडे सोडले तर ते जवळ येणार नाहीत, म्हणून तिथले उत्तर शून्य होते. नावे काढून टाकल्यावर जे उरते ते खरे, आणि इथे तीन हजारांश मिलिमीटर उरतो.

गुरुत्वीय लहरी खऱ्या आहेत का, हा प्रश्नही असाच सुटला. एडिंग्टनने १९२२ साली दाखवले की कागदावरच्या काही लहरी नुसत्या निर्देशकांच्या लाटा आहेत. १९३६ साली आइन्स्टाइन आणि रोझेन यांना तर काही काळ वाटले की खऱ्या लहरी नसतातच. तिथेही निर्देशकांची एक खोट त्यांना नडली होती. वाट सापडली ती १९५०च्या दशकात, जेव्हा फेलिक्स पिरानीने लक्ष दोन कणांमधल्या अंतराकडे वळवले. दोन खडे! लहर जाताना ते जवळ-लांब होतात का, एवढे बघा. मी आयुकात जायची तेव्हा तिथे संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी, गोंगाटातून असा सूक्ष्म संदेश कसा वेचायचा, यावर वर्षानुवर्षे काम करत होते. तेव्हा लहर कोणालाही सापडलेली नव्हती. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांत ती सापडली. चार किलोमीटरच्या भुजेत झालेला बदल प्रोटॉनच्या व्यासापेक्षा शेकडो पटींनी लहान होता. ११ फेब्रुवारी २०१६ला घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्यावर फक्त दोन ठिपके काढले आणि त्यांच्यामध्ये एक बाण.

आता माझे विद्यार्थी संगणकावर मेट्रिक टाकतात आणि दोन सेकंदांत सगळे घटक मिळवतात. मला ते आवडते, मीही वापरते. पण पहिले मेट्रिक हातानेच करायचे, हा माझा नियम आहे. गोलाचे करा, दोन मितींचे, तीन-चार ओळींत होते. मग सरांनी मला दिले होते तेच देते, आणि काय आहे ते सांगत नाही. दरवर्षी तीन-चार जण सोमवारी येऊन म्हणतात की चुकलंय, सगळं शून्य येतंय. संगणकही शून्यच सांगतो, पण त्याच्या शून्याकडे कोणी तीन दिवस बघत बसत नाही. विकलनातून आलेले पद आणि गुणाकारातून आलेले पद एकमेकांना खाताना स्वतःच्या अक्षरात बघावे लागते. परीक्षेत गुण कमी पडले तरी चालतील, ते बघितलेला विद्यार्थी निर्देशकाला पुन्हा जमीन समजत नाही.

अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत. साखळी गेली, मोजणीला आता रोव्हर आले, उपग्रहांवरून जागा सांगणारे. मी त्यांना सांगितले की त्या उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, आणि हा हिशेब धरला नाही तर एका दिवसात अकरा किलोमीटरच्या आसपास चूक साचेल. त्यांनी विचारले, "हे तू शिकलीस त्यातलंच?" त्यातलेच, मी म्हणाले. ते काही बोलले नाहीत, पण नातवाला बोलावून त्यांनी मला तेच पुन्हा सांगायला लावले.

एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाच्या बांधकामाला मंजुरी दिली. जागा आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात. एकमेकींशी काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर. अण्णांनी वर्तमानपत्रातली बातमी मला फोनवर वाचून दाखवली आणि मग मोजणीवाल्याचा प्रश्न विचारला: "चार किलोमीटर सरळ रेघ? प्रकाश सरळ जाईल, बाई. जमीन कशी जाईल?"

मी वहीच्या मागच्या पानावर चारचा वर्ग केला, त्याला पृथ्वीच्या त्रिज्येच्या दुपटीने भागले आणि त्यांना आकडा सांगितला. चार किलोमीटरच्या त्या सरळ रेषेखाली जमीन दुसऱ्या टोकाशी सव्वा मीटर खाली गेलेली असते. तेवढा भराव घालावा लागेल.